लावा पिलांना चुना

चुना लावला की माणूस बुडतो, असा जगाचा अनुभव. आमच्या घरात मात्र चुना लावला आणि एक कोंबडी तरली. ही गोष्ट मी आजवर इतक्या जणांना सांगितली आहे की तिच्यातली पाखरं दर वेळी थोडी वाढतात. बायको समोर बसलेली असली की परत कमी होतात. म्हणून लिहिताना आकडे तिचे धरतो, बाकीचं माझं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. निजामाचं राज्य जाऊन त्याआधीच दहा-बारा वर्षं लोटली होती, पण राज्य गादीवरून जातं तितक्या लवकर जिभेवरून जात नसतं. मराठवाड्यातल्या वाशीपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. माझं स्वतःचं शिक्षण उर्दूत झालेलं. पाढे उर्दूत पाठ, शिव्या मराठीत, आणि आता वरून हुकूम असा की सगळं शुद्ध मराठीत चालवा. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. पोरानं ‘दवाखाना’ लिहिलं की मी खोडून ‘रुग्णालय’ लिहायला लावायचो. खुर्चीलासुद्धा मी ‘आसंदी’ म्हणून बघितलं. पोरगा ‘आणतो गुरुजी’ म्हणून पळाला आणि घरून अंबाडीची जुडी घेऊन आला. भाजी चांगली झाली, शब्द मात्र तिथंच सोडला. विरामचिन्हांचा तर मला असा सोस होता की स्वल्पविराम चुकला म्हणून मी एकाला उन्हात उभं केलं होतं. ते पाप पुढं फिरून आलं.

बायको नळदुर्गाच्या पलीकडची, जिथं अर्ध्या गावाचं तोंड कानडी मुलखाकडं असतं. लग्नात तिच्या आईनं भांड्याकुंड्यांबरोबर एक तांबडी कोंबडी दिली. वरातीच्या बैलगाडीत नवरी बसली आणि नवरीच्या मांडीवर कोंबडी. पाहणाऱ्यांना दोघींपैकी जास्त कोण लाजतंय ते कळत नव्हतं. कोंबडीला मराठी येत नसे. आमच्याकडं कोंबड्यांना ‘ती ती ती’ करून बोलावतात, ही ढिम्म. बायकोनं ‘बा बा बा’ म्हटलं, म्हणजे कानडीत ‘ये ये’, की माळवदावरून उडी टाकून हजर. या घरात माझी भाषा समजणारं एवढं एकच माणूस आहे, असं बायको म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडं बघायची.

आईला ती कोंबडी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावरून ती एकदा आडवी चालत गेली. नुसती चालली असती तरी चाललं असतं, पण मधे थांबून तिनं पायानं उकरलं. आईच्या सांगण्यात पुढं त्या कुरडया दोन पायल्यांच्या झाल्या, मग चार पायल्यांच्या. बढाईचं अंग मला कुठून आलं ते यावरून ध्यानात येईल.

त्या वर्षी भादव्यात मी आणि बायको बांधावरचं गवत कापत होतो. माझ्या विळ्याच्या पुढ्यातून भुर्र करून एक पाखरू उडालं. लावा. उर्दूत बटेर म्हणतात तेच. मी केवढ्यानं दचकलो ते इथं लिहीत नाही. बघतो तर गवतात वाटीएवढा खळगा आणि त्यात गावठी बोराएवढी, तपकिरी ठिपक्यांची अंडी. मी म्हणतो अकरा होती, बायको म्हणते नऊ. नऊ धरा. मोजायचं काम तिचं, सांगायचं माझं.

भोवतीचं गवत मी साफ कापून टाकलेलं. खळगा उघडा पडला. आम्ही लांब जाऊन लिंबाखाली बसलो, भाकरी खाल्ली, दुपार कलली, तरी मादी परत आली नाही. दोन कावळे मात्र लिंबावर येऊन आमच्यासारखेच वाट बघत बसले. शेवटी बायको उठली आणि अंडी पदराच्या ओट्यात घेऊन घरी निघाली.

आईनं दारातच विचारलं, ओट्यात काय. सांगितल्यावर तिनं आधी मला विळा कुठं चालवावा आणि कुठं चालवू नये यावर दोन शब्द ऐकवले. बायकोचा बेत सरळ होता. तांबडी कोंबडी आठ दिवसांपासून खुडूक होऊन बसली होती. खाली अंडं नव्हतं म्हणून एका कांद्यावर बसली होती. तो कांदा काढायचा आणि ही अंडी ठेवायची.

आईनं चंची सोडली, पानाला चुना लावला, पान तोंडात टाकलं आणि मग निकाल दिला.

“रानातली जीवं हायती ती. माझ्या उंबऱ्याच्या आत त्यातलं एक जरी मेलं, तर ती कोंबडी वाशीच्या बाजारात. मग रडायचं न्हाय.”

“बरं, आत्याबाई,” बायको म्हणाली. सासूला आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात. आवाज बारीक होता, पण कोंबडीभोवतीचा हात मी बघितला. तिनं ती अशी धरली होती की बाजार त्याच क्षणी दारात आला आहे.

सोळा-सतरा दिवसांत नवांतली आठ अंडी फुटली. कोंबडीचा हिशोब एकवीस दिवसांचा, त्यामुळं ती दचकून उभीच राहिली. आणि पिल्लं म्हणाल तर अंगठ्याच्या पेराएवढी. पाठीवर खारीसारखे पट्टे. अंड्यातून निघाली तीच चालू लागली, ती अशी की जणू कुठं तरी उशीर झाला आहे. मी ओंजळीत आठही पिल्लं एकदम घेतली होती आणि वर जागा उरली होती. हे बायकोसुद्धा मान्य करते.

आता यांना खायला काय घालायचं? गावात विचारलं तर लावा खायचा कसा ते सगळ्यांना ठाऊक, लाव्याला खायला काय घालायचं ते कुणालाच नाही. बायकोनं जोंधळ्याच्या कण्या जात्यावर आणखी बारीक करून घेतल्या. शिवाय तिच्या माहेरची एक युक्ती: मडक्यात ओलं गोणपाट आणि शेण भरायचं आणि जिथं वाळवी असेल तिथं ते मडकं पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी मडकं वाळवीनं भरतं, ते पिलांपुढं झटकायचं. गावात वाळवी सगळ्यांत जास्त शाळेच्या भिंतीमागं. मडकं तिथं ठेवलं. वाळवी मडक्यात आली तशी आतून कपाटातही गेली आणि दुसरीच्या वर्गाचं हजेरीपुस्तक खाऊन बसली. त्या महिन्यात सगळी पोरं रोज हजर होती, असं मी नंतर आठवून लिहिलं.

तेवढ्यात झड लागली. आठ-दहा दिवस आभाळ नुसतं घरावर बसल्यासारखं. पिल्लं गारठू नयेत म्हणून बायकोनं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची पाटी, चुलीशेजारी ओढलं. तिथं ऊब भरपूर, धूर त्याहून भरपूर, आणि उजेड म्हणाल तर भाकरी भाजली की करपली ते वासावरून ओळखावं लागे. पिल्लं दचकली की सरळ वर उडत आणि डालग्याला डोकं आपटत, म्हणून वरून गोधडीचा तुकडा आतल्या बाजूनं बांधला. होता नव्हता तो उजेडही गेला.

बाराव्या-तेराव्या दिवशी एक पिल्लू बसून राहिलं. उठवलं तर दोन पावलं टाकून परत बसलं. पाय आतल्या बाजूला वळलेले, उन्हात तापलेल्या मेणबत्तीसारखे. दुसऱ्या दिवशी तीन बसली. तिसऱ्या दिवशी आठही. सगळ्यांत लहान होतं ते तर कुशीवरच पडून राहिलं. खायची इच्छा सगळ्यांना, चोच चालू, डोळे टवटवीत, फक्त पायच नव्हते.

आईनं डालग्यात डोकावून बघितलं. तिनं फक्त बायकोला विचारलं, बाजार कधी आहे. बाजार कधी आहे ते तिला चांगलं माहीत होतं.

मी वाशीच्या गुरांच्या दवाखान्यात निघालो. वाटेतल्या चिखलाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. माझी उजवी चप्पल त्यात गेली ती पुढच्या साली हरभऱ्याबरोबर उगवून आली, एवढं सांगितलं तरी पुरे.

डॉक्टर माझ्यासारखेच उर्दूत शिकलेले, जुन्या राज्यातले. मी पोचलो तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत एका म्हशीत होता. आडवं आलेलं रेडकू वळवायचं चाललं होतं. त्यांनी मान वळवून काय काम ते विचारलं. मी म्हणालो, लावा पक्ष्याची पिल्ले पायांनी अधू झाली आहेत.

“लावा? मतलब बटेर?”

बटेर म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण शुद्ध मराठीचा झेंडा माझ्या खांद्यावर. मी म्हणालो, बटेर नव्हे डॉक्टरसाहेब, मराठीत लावा. डॉक्टर ओशाळले. त्यांनाही वरून मराठीत लिहायचे हुकूम होतेच. म्हैस मोकळी झाल्यावर त्यांनी हात धुतले, कागदाच्या तुकड्यावर एक ओळ लिहिली, मला दिली, आणि दारात रेडा अडून बसला होता तिकडं पळाले. ओळ अशी होती:

लावा पिलांना चुना चिमटीभर रोज

ना स्वल्पविराम, ना जोडरेघ, ना टिंब. परतीच्या तीन कोसांत मी ती मनात दहा वेळा वाचली आणि दहाही वेळा मला एकच अर्थ लागला. लावा. काय लावा? चुना. कुणाला? पिलांना. आणि त्यात नवल वाटायचं कारणही नव्हतं. आमच्याकडं पाय मुरगळला की चुना-गुळाचा लेप लावतात. माणसाच्या पायाला चालतो तर पाखराच्या का चालू नये? आईनं ऐकलं आणि तिनंही मान डोलावली. डाक्टर शहाणा दिसतो, म्हणाली. बायको तेवढी घुटमळली. एवढ्याशा पायाला चुना, तोही आत काही न देता, हे तिला पटलं नव्हतं. पण नवरा मास्तर, कागद सरकारी, आणि तिची कोंबडी टांगणीला. तिनं आईच्या चंचीतली चुन्याची डबी मागून घेतली.

मी एकेक पिल्लू धरायचं, बायकोनं कापसाच्या वातीनं पायाला पातळ चुना फासायचा. आठ पिल्लांचे सोळा पाय. पांढरे मोजे घातलेली पलटण दिसू लागली. पण चुना सुकेना. चुलीपाशी ओलसरच राहायचा, कण्या चिकटायच्या. तोवर झड उघडली होती, लख्ख ऊन पडलं होतं. चुना वाळायला ऊन पाहिजे, म्हणून बायकोनं डालगं शिडीनं माळवदावर नेलं, गोधडीचा तुकडा काढला, आणि कोंबडीला ‘बा बा’ करून शेजारी बसवलं. पिल्लांनी आयुष्यात पहिल्यांदा सूर्य पाहिला तो चुना वाळवण्यासाठी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन उभी राहिली. आणखी दोन दिवसांत सात. पाय अजून किंचित फेंगडे, पण चालत होती, भांडत होती, वाळवीवर तुटून पडत होती. मी शाळेत छाती काढून चालू लागलो. फक्त सगळ्यांत लहान होतं ते तसंच कुशीवर. उलट जास्तच ओघळलेलं. चोचही आता हळू चालत होती.

इथं मला किडा चावला. हे माझं जन्माचं आहे, एखादी गोष्ट समजली नाही की भाकरी गोड लागत नाही. चुना आठांनाही सारखाच लावला होता. लहानग्याला तर बायकोनं दोन हात जास्तच फिरवले असतील. मग सात उठली आणि एक का नाही? शिवाय दुसरं: सकाळी लावलेला चुना दुपारी सातांच्या पायांवरून गायब व्हायचा. लहानग्याच्याही पायांवरून जायचा. कुठं जातो?

मी म्हणालो, गळून पडत असेल. बघू. शाळेतल्या चार काळ्या पाट्या आणल्या आणि डालग्याखाली अंथरल्या. पांढरा चुना काळ्या पाटीवर पडला तर दिसेलच. दुपारी बघितलं, पाट्या काळ्याच्या काळ्या. जे पांढरं होतं ते चुना नव्हतं, आणि ते मी शाळेत पाट्या परत देण्याआधी पुसलं.

मग मला दुसरं सुचलं. चार पिल्लांना चुना लावायचा, चार पिल्लांना नाही, दोन डालगी करायची आणि वहीत टिपून ठेवायचं. हे शास्त्र आहे, असं मी बायकोला समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

“तुमच्या वहीत एक मेलं तर तेवढीच एक रेघ वढाल तुमी,” ती म्हणाली. “माझी कोंबडी बाजारात जाईल.”

शास्त्र तिथं थांबलं. राहिलं नुसतं बघणं. रविवार होता. मी माळवदावर पोटावर आडवा झालो आणि डालग्याच्या फटीला डोळा लावला. शेजारच्या माळवदावरून कुणी तरी विचारलं, मास्तर, काय हरवलं? मी म्हणालो, चुना. त्यानंतर गावात माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला बायकोनं बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

घटकाभर काही झालं नाही. पिल्लं उन्हात पंख पसरून आडवी होत होती, एक पाय लांब करून, म्हातारी माणसं शेकत बसतात तशी. मग एक उठलं, आडव्या पडलेल्या दुसऱ्याकडं गेलं, आणि त्याच्या लांब केलेल्या पायावरचा वाळका चुना टकटक टिपून खाऊ लागलं. पहिल्याचं झालं तसं तिसरं आलं. दुसऱ्यानं उठून तिसऱ्याच्या पायाकडं मोर्चा वळवला. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण देतात तसं चाललं होतं. सातही जणं एकमेकांचे पाय खात होती. लहानग्याचेही पाय सगळ्यांनी मिळून साफ केले. पण लहानगं कुणाच्याच पायापर्यंत पोचत नव्हतं. ते आपल्या जागी पडून चोच उघडत होतं आणि मिटत होतं.

ते बघून मला त्या कागदाची आठवण झाली. खिशातून काढला आणि पोरांना वाचायला लावतो तसा मोठ्यानं वाचला, थांबायच्या जागा बदलून. “लावा, पिलांना चुना.” मग, “लावापिलांना, चुना.” चिमटीभर. रोज.

पोटावर आडवा होतो म्हणून बरं. उभा असतो तर माळवदावरून खाली गेलो असतो. लाव्याच्या पिलांना रोज चिमटीभर चुना, खायला! आणि एका स्वल्पविरामासाठी मी ज्या पोराला उन्हात उभं केलं होतं, ते पोर माझ्या डोळ्यांपुढं येऊन हसायला लागलं.

मी खाली जाऊन बायकोला सांगितलं. माझी अक्कल काढायला तिला यापेक्षा चांगली संधी जन्मात मिळाली नसती. तिनं ती घेतली नाही. ती उठली, वाळलेल्या चुन्याचा पापुद्रा चुरून तांदळाच्या दाण्याएवढा कण्यांत मिसळला, लहानग्याला तळहातावर उन्हात धरलं आणि बोटाच्या टोकावरून एकेक कण त्याच्या चोचीपाशी नेला. पहिला कण त्यानं टाकला. दुसरा घेतला. ती ऊन डोक्यावरून कलेपर्यंत तशीच बसली होती. कोंबडी तिच्या गुडघ्याला टेकून. मी सावली करायला गेलो तर मला हातानंच बाजूला सारलं.

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी लहानगं तिच्या तळहातावर उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं, आणि तळहातावरच घाण केली. एवढ्या आनंदानं हात धुताना मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. चुका करून जगवलेल्या पिल्लांचा तिच्या कायद्यात काय हिशोब लागतो, ते कुणाला माहीत? म्हणून आईच्या देखत पायाला चुना लावणं चालूच ठेवलं आणि आई नसताना कण्यांत मिसळणंही. आईची डबी तीन वेळा भरून झाली. पाखरांना पान खायची सवय लागली का, असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा मी खाली बघून चप्पल शोधायला लागलो. दुसरी चप्पल तर तेव्हा शेतात होती.

मग एके दिवशी डॉक्टर गावात गुरांना लस टोचायला आले, आणि आईनं त्यांना चहाला बोलावलं. एवढ्यावर भागलं असतं. पण तिला त्यांच्या औषधाचा गुण त्यांनाच दाखवायचा होता. तिनं स्वतः त्यांना शिडीनं माळवदावर नेलं आणि डालगं उचललं. आठ पांढरे मोजेवाले लावे डॉक्टरांपुढं रांगेत उभे.

डॉक्टर बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

“मास्तरसाब, ये क्या? मी खिलवायला सांगितलं होतं.”

मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला, ओठांतल्या ओठांत दोनदा वाचला, आणि माळवदाच्या कठड्याला धरून खाली बसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बटेर लिहिलं असतं तर हे झालंच नसतं, म्हणाले, पण मास्तरसाबांनीच नको म्हटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. हाडं चुन्याची असतात, पण नुसता चुना पोटात जाऊन हाडात शिरत नाही. त्याला आत नेणारं कुणी तरी लागतं, आणि ते अंगावर ऊन पडल्यावर अंगातच तयार होतं. उर्दूत त्याला हयातीन म्हणत, मराठी पुस्तकात जीवनसत्त्व लिहिलं आहे. उन्हात ठेवा हे ते कागदावर लिहायचंच विसरले होते. ते काम ओल्या चुन्यानं केलं. ओला चुना खाल्ला असता तर पिल्लांच्या जिभा भाजल्या असत्या. वाळून त्याचा खडू झाला म्हणून निभावलं. वाढीला वाळवी लागते, ती बायको देतच होती. डोळ्यांना आणि पिसांना हिरवं लागतं, तर शेवग्याचा पाला बारीक चुरून द्या. आणि पुढच्या वेळी चंचीत हात घालू नका, कोंबडीच्या अंड्यांची टरफलं भाजून कुटून घाला, त्यात हाच चुना असतो. एवढं सगळं कोंबडीच्या पोटातच आहे, म्हणाले, आणि तांबडीकडं बोट केलं.

आई ऐकत होती. मी आणि बायको तिच्या तोंडाकडं बघत होतो.

“जीवनसत्त्व,” ती शेवटी म्हणाली. “म्हंजी जीव नसतं त्यात?”

डॉक्टर म्हणाले, नाही आई, त्यानंच जीव असतो. आईनं पान काढलं, डबी उघडली, ती रिकामी होती, आणि ती तशीच मिटवून चंचीत ठेवली. बाजार त्या आठवड्यात आला आणि गेला. पण पिल्लं अजून उंबऱ्याच्या आत होती, म्हणजे कायदा अजून लागू होता.

दिवाळीच्या अलीकडं पिल्लांना पंख चांगले फुटले. डालग्यात ठेवणं आता अवघड होतं. एकानं वर उडून डोकं रक्ताळून घेतलं होतं. बायको म्हणाली, सोडू. आम्ही त्यांना त्याच बांधावर नेलं. तांबडी मागून चालत आली. डालगं उलटं केलं तर आठही क्षणभर तिथंच दबून राहिली, पायांवरचा शेवटचा चुना उन्हात चमकत होता, आणि मग एकदम भुर्र झाली. सगळ्यांत शेवटी लहानगं. ते उडालं ते जवळच उतरलं, पण उडालं. पुढच्या साली पारगावच्या एका फासेपारध्यानं मला शपथेवर सांगितलं की त्यानं पांढऱ्या पायांचे लावे बघितले आणि जाळं टाकवलं नाही. मी त्याला चहा पाजला. बायको म्हणते, चहासाठीच सांगितलं त्यानं.

पण तांबडी परत यायला तयार होईना. ती बांधावर उभी राहून गवताकडं बघत क्लक क्लक करत राहिली. बायकोनं ‘बा बा’ म्हटलं तरी हलेना. धरायला गेलो तर ज्वारीत शिरली. दिवस मावळायला आला तसे आम्ही रिकामं डालगं घेऊन घरी आलो. बायको चुलीपुढं बसली. मी कंदील पुसायला घेतला, तो आधीच स्वच्छ होता.

बाहेरून आवाज आला. आई उंबऱ्यात उभी होती, मुठीत जोंधळे, आणि बांधाच्या वाटेकडं तोंड करून हाका मारत होती. आधी ‘ती ती ती’ करून बघितलं. मग थांबली, आत चुलीकडं एकदा बघितलं, आणि तिच्या जिभेला कधीच न वळलेल्या कानडीत, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली:

“बा बा. बा बा बा.”

अंधारातून तांबडी येताना दिसली, ती दारापर्यंत धावतच आली. आईनं मूठ उघडली. बायको चुलीपुढून उठून दारात आली होती. आईनं मागं न बघताच म्हटलं, “हिला सांग, कुरडयांवरनं जायाचं न्हाय. तुझ्याच भाषेत सांग.”